संत बीड : भाकितांतील संख्या आणि उरलेल्या वर्षांचा हिशेब

ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगात २५ मे या दिवशी आदरणीय संत बीड यांचे स्मरण केले जाते. मराठवाड्यातील बीड शहराशी या नावाचा काही संबंध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. संत बीड हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका मठात आयुष्य वेचलेले धर्मगुरू होत. इंग्लंडच्या इतिहासलेखनाचे जनक म्हणून जगभरच्या अभ्यासकांना ते परिचित आहेत. परंतु आज आपण त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी वळत आहोत. पवित्र शास्त्रातील भाकितांमध्ये येणाऱ्या संख्यांचा अर्थ कसा लावावा आणि कसा लावू नये, हे ज्यांनी आयुष्यभर शिकविले आणि त्यापायी पाखंडाचा आरोपही सोसला, असे ते शिक्षक होते.

हा विषय जुना असला तरी शिळा झालेला नाही. दोन हजारावे वर्ष उंबरठ्यावर असताना जगबुडीच्या वावड्या उठल्या होत्या. २०१२ च्या डिसेंबरातही तेच झाले. ६६६ हा आकडा कधी दुकानातील वस्तूंवरच्या उभ्या रेघांत, तर कधी एखाद्या ओळखपत्रात दडला आहे, असे सांगणारे संदेश आपल्या भ्रमणध्वनीवर अधूनमधून येतच असतात. प्रकटीकरण आणि दानीएल या ग्रंथांतले आकडे घेऊन कोणी बेरीज-वजाबाकी मांडली की साधा भाविक गोंधळून जातो. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचे भाविकही असेच गोंधळत असत.

बीड यांचा जन्म इ. स. ६७२ किंवा ६७३ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात झाला. वयाच्या सातव्या वर्षी नातलगांनी त्यांना वेअरमथ येथील संत पेत्राच्या मठात मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कप यांच्या स्वाधीन केले. हे बिस्कप मोठे हौशी गृहस्थ. रोमच्या अनेक वाऱ्या करून त्यांनी ग्रंथ, पवित्र अवशेष आणि चित्रे आणली. गॉलमधून काचकाम करणारे कारागीर आणले. रोमच्या संत पेत्र मंदिरातील मुख्य गायकालाही ते घेऊन आले. त्यांनी आणलेली चित्रे वेअरमथच्या चर्चमध्ये लावण्यात आली. दक्षिणेच्या भिंतीवर शुभवर्तमानातील प्रसंग होते आणि उत्तरेच्या भिंतीवर संत योहानाच्या प्रकटीकरणातील दृष्टान्त. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही ती पाहून शिकावे, असा हेतू होता. सात वर्षांच्या त्या मुलाने अक्षरे गिरवण्यापूर्वी ही भिंत पाहिली असणार. प्रकटीकरण त्याला प्रथम भेटले ते चित्रांतून, आकडेमोडीतून नव्हे. पुढील आयुष्यात त्यांनी या ग्रंथाकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे मूळ आम्हांला त्या भिंतीपाशी दिसते.

पुढे जवळच जॅरो येथे संत पौलाच्या नावाने जोडमठ उभा राहिला. तेथील चर्चचे समर्पण २३ एप्रिल ६८५ रोजी झाले. तशी नोंद कोरलेली शिळा आजही त्या चर्चमध्ये आहे. मठाधिपती चेओलफ्रिथ यांच्यासोबत बीड जॅरोला आले. लवकरच साथीचा रोग पसरला आणि स्तोत्रगायन करू शकणारे मठवासी एकामागून एक दगावले. चेओलफ्रिथ यांच्या जुन्या चरित्रानुसार प्रहरप्रार्थना म्हणायला शेवटी दोघेच उरले : स्वतः मठाधिपती आणि एक लहान मुलगा. चरित्रकार त्या मुलाचे नाव देत नाही. परंतु तो बीडच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोघांनी काही दिवस स्तोत्रांची पालुपदे वगळून पाहिली, पण त्यांच्याने ते राहवेना. मग अश्रू ढाळत का होईना, पूर्ण उपासना त्यांनी पुन्हा सुरू केली.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बीड यांना डीकनपद मिळाले. त्या काळी त्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागत, त्यामुळे हा अपवादच होता. तिसाव्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दोन्ही वेळा हेक्सहॅमचे बिशप जॉन यांनी त्यांच्यावर हात ठेवले. त्यानंतरचे आयुष्य बाह्यतः अगदी साधे आहे. त्यांनी दूरचा प्रवास जवळजवळ केलाच नाही. प्रार्थना, अध्यापन आणि लेखन यांतच त्यांचे दिवस गेले. बिस्कप आणि चेओलफ्रिथ यांनी जमविलेले ग्रंथालय हेच त्यांचे जग होते.

मठात संख्यांवाचून चालत नसे. पास्काचा सण कोणत्या रविवारी येणार हे ठरविण्यासाठी सूर्य आणि चंद्र या दोघांच्याही गतीचा मेळ घालावा लागतो. ब्रिटनमध्ये या प्रश्नावरून आयरिश आणि रोमन परंपरांत मोठा वाद झाला होता. ६६४ साली व्हिटबीच्या धर्मसभेत नॉर्थम्ब्रियाच्या राजाने रोमन पद्धतीच्या बाजूने कौल दिला होता. त्यामुळे विद्यार्थ्यांना गणित शिकविणे हे उपासनेचेच काम ठरले. बीड यांच्या कालगणनेवरील मोठ्या ग्रंथाचे पहिले प्रकरण चक्क बोटांवर मोजण्याविषयी आहे. एकक आणि दशक डाव्या हातावर, शतक आणि सहस्र उजव्या हातावर, अशी ती पद्धत होती. आपल्याकडे पेरे मोजून हिशेब करणाऱ्या आजीबाईंना हे वाचून कौतुक वाटले असते. येथेच बीड संत जेरोम यांचे एक जुने विवरण आठवतात. पेरणाऱ्याच्या दाखल्यात पीक तीसपट, साठपट आणि शंभरपट येते. तीस मोजताना अंगठा आणि तर्जनी यांची टोके अलगद जुळतात, ती विवाहाची खूण. साठ मोजताना अंगठा बोटाखाली दबतो, ती विधवेच्या कष्टांची. शंभरावर मोजणी उजव्या हाताकडे जाते आणि बोटांचे कडे होते, तो कौमार्यव्रताचा मुकुट. ज्या बोटांनी धान्य मोजायचे, त्याच बोटांनी शुभवर्तमान वाचायचे, अशी ही शाळा होती.

इ. स. ७०३ च्या सुमारास बीड यांनी प्रकटीकरणावर भाष्य लिहिले. त्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील टिकोनियस या जुन्या भाष्यकाराचे सात नियम आधाराला घेतले. टिकोनियस हा डोनाटिस्ट पंथाचा, म्हणजे ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या गटातला. तरीही त्याचे ग्राह्य ते घेऊन पंथाभिमानाचे तेवढे बाजूला ठेवण्याचा समंजसपणा बीड यांनी दाखविला.

या भाष्यात संख्या पदोपदी येतात. सात मंडळ्या म्हणजे आशियातील सात गावांच्या मंडळ्या तर खऱ्याच. पण सात ही पूर्णत्वाची संख्या असल्याने त्या सातांत सर्व जगातील एकच ख्रिस्तसभा सामावलेली आहे, असे ते सांगतात. शिक्का मारलेले १,४४,००० जण ही स्वर्गातील जागांची मोजदाद नव्हे. बारा गुणिले बारा आणि पुन्हा हजारपट, अशी ती संख्या बांधलेली आहे. निश्चित आकड्याच्या रूपाने तेथे मोजता न येणारा संपूर्ण समुदाय उभा केला आहे. अरण्यात पळालेल्या स्त्रीचे १,२६० दिवस म्हणजे साडेतीन वर्षे. प्रभू येशूने देहाने सुमारे तेवढाच काळ प्रवचन केले, आणि ख्रिस्तसभा ही त्याचेच शरीर. म्हणून त्या दिवसांत ख्रिस्ती युगाचा सगळा काळ आला, असे बीड मानतात. सैतानाला बांधून ठेवल्याची हजार वर्षे हीसुद्धा संत ऑगस्टीन यांच्या मागोमाग ते ख्रिस्तसभेच्या चालू काळाची खूण म्हणून वाचतात. पुढे कधीतरी पृथ्वीवर सुरू होणारे हजार वर्षांचे ऐहिक राज्य, असा अर्थ ते घेत नाहीत. आजही कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या ६७६ व्या परिच्छेदात अशा सहस्रवर्षीय राज्याच्या कल्पनेला स्पष्ट नकार दिलेला आहे.

६६६ विषयीचे त्यांचे विवेचन तर आवर्जून समजून घ्यावे. ग्रीक भाषेत अक्षरांनाच संख्यामूल्य असते. त्यामुळे कोणत्या नावाच्या अक्षरांची बेरीज ६६६ होते, हे पूर्वीच्या आचार्यांनी शोधून पाहिले होते आणि तेइतान यांसारखी काही नावे सुचविली होती. बीड ती नोंदवतात. पण आपल्या काळातील एखाद्या राजाचे किंवा विरोधकाचे नाव त्यांत बसवीत नाहीत. त्याऐवजी ते जुन्या कराराकडे वळतात. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात शलमोन राजाकडे दरवर्षी ६६६ किक्कार सोने येत असे, अशी नोंद आहे. जे अर्पण खऱ्या राजाला द्यायचे, तेच हा फसवा राजा स्वतःसाठी मागतो, हा बीड यांना या संख्येत दिसलेला अर्थ. अलीकडचे अनेक शास्त्राभ्यासक नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून ६६६ ही बेरीज दाखवतात आणि ऐतिहासिक दृष्ट्या ते पटण्याजोगे आहे. तरीही आम्हांला बीड यांचे उत्तर अधिक जवळचे वाटते, कारण ते शेजाऱ्याच्या कपाळावर आकडा शोधायला पाठवीत नाही. आपण आपले सोने कोणाच्या पायाशी ठेवतो, हा प्रश्न ते आपल्याकडेच वळवते.

आता संकटाकडे येऊ. जगाचा इतिहास सहा युगांत विभागलेला आहे, ही कल्पना संत ऑगस्टीन यांच्यापासून रूढ होती. आदामापासून नोहा, नोहापासून अब्राहाम, अब्राहामापासून दावीद, दावीदापासून बाबेलचा बंदिवास, तेथून ख्रिस्त, आणि ख्रिस्तापासून जगाच्या अंतापर्यंत सहावे युग. सृष्टीच्या सहा दिवसांशी त्यांची सांगड होती. इथवर सारे ठीक होते. परंतु प्रभूला हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत, या शास्त्रवचनाचा आधार घेऊन लोकांनी प्रत्येक युगाला हजार वर्षे बहाल केली आणि जग सहा हजार वर्षांनी संपणार, असा हिशेब मांडला. युसेबियसच्या प्रचलित कालगणनेप्रमाणे ख्रिस्तजन्म जगाच्या ५१९९ व्या वर्षी झाला होता. म्हणजे बीड यांच्या तरुणपणी सहा हजार भरायला शंभर वर्षेही उरली नव्हती.

ही कालगणना जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरावर आधारलेली होती. बीड यांनी संत जेरोम यांनी थेट हिब्रूवरून केलेले लॅटिन भाषांतर समोर ठेवून उत्पत्तीतील वंशावळ्या पुन्हा मोजल्या. ग्रीक पाठात शेथाच्या जन्मावेळी आदामाचे वय २३० आहे, हिब्रूत १३०. असे फरक पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. पहिल्या युगाची वर्षे ग्रीक पाठाने २२४२, तर हिब्रूने १६५६ भरतात. बीड यांच्या मांडणीत पुढील युगांची वर्षे २९२, ९४२, ४७३ आणि ५८९ झाली. एकूण बेरीज ३९५२. हा निष्कर्ष त्यांनी ७०३ साली कालगणनेवरील आपल्या छोट्या पुस्तकात दिला. जगाच्या वयातून एका झटक्यात बाराशेहून अधिक वर्षे वजा झाली.

पाच वर्षांनी, ७०८ साली, एक निरोप्या त्यांच्याकडे आला. बिशप विल्फ्रिड यांच्या उपस्थितीत झालेल्या मेजवानीत मद्याच्या भरात काही जणांनी बीड यांना पाखंडी ठरविले होते. ख्रिस्त सहाव्या युगात आला हे ते नाकारतात, असा आरोप होता. त्यामागचा तर्क असा : युग म्हणजे हजार वर्षे, ३९५२ व्या वर्षी ख्रिस्त जन्मला म्हणजे तो सहाव्या हजारात बसत नाही. विल्फ्रिड हे बीड यांच्याच धर्मप्रांताचे बिशप होते आणि त्यांनी त्या आरोपाला तेथल्या तेथे उत्तर दिले नव्हते. निरोप ऐकताच आपला चेहरा पांढराफटक पडला, असे बीड स्वतःच नमूद करतात. ज्या माणसाने बालपणापासून मठाबाहेरचे जग फारसे पाहिले नाही, त्याच्यावर त्याच ख्रिस्तसभेचा विश्वासघात केल्याचा ठपका जेवणाच्या पंक्तीत ठेवला जावा, हे किती जिव्हारी लागले असेल!

त्यांनी प्लेग्विन नावाच्या आपल्या मित्र मठवाशाला सविस्तर पत्र लिहिले आणि ते बिशप विल्फ्रिड यांच्यासमोर मोठ्याने वाचले जावे, अशी व्यवस्था करण्याची विनंती केली. ख्रिस्त सहाव्या युगातच आला, याविषयी त्यांना कधीच शंका नव्हती. परंतु युग म्हणजे हजार वर्षे हे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. मागील पाच युगांपैकी एकही नेमके हजार वर्षांचे नव्हते. एकात सोळाशेहून अधिक वर्षे, तर दुसऱ्यात तीनशेही नाहीत. मग चालू युगाचीच लांबी आपल्याला कशी कळणार? शेवटच्या हजारातली किती वर्षे उरली, असे साधी माणसे विचारतात तेव्हा आपल्याला दुःखही होते आणि चीडही येते, हे त्यांनी लपविले नाही. तो दिवस जवळ आहे की दूर, हे प्रभूने सांगितले नाही. जागे राहायला मात्र सांगितले, याची त्यांनी आठवण दिली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३९५२ हा आकडा बीड यांनी जगाची मुदत वाढवून मिळावी म्हणून काढलेला नाही. तसे समजून कोणी सहा हजारांतून तो वजा केलाच, तर इ. स. २०४८ हे वर्ष येते आणि उद्या एखाद्या संदेशात ते छापूनही येईल! त्यांचा आक्षेप अमुक तारखेला नव्हता. तारीख काढण्याच्या रीतीलाच होता. सहा या संख्येला अर्थ आहे, हे त्यांना मान्य होते. त्या अर्थाला घड्याळाचे काटे लावणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्यावर पुढे काही कारवाई झाल्याची नोंद नाही. त्यांनीही आपले मत बदलले नाही. ७२५ साली कालगणनेवरील मोठा ग्रंथ सिद्ध झाला, त्यात ३९५२ हा आकडा तसाच राहिला आणि हिब्रू पाठ का स्वीकारला, याचे समर्थनही आले. याच ग्रंथात दानीएलच्या सत्तर सप्तकांचा हिशेब आहे. सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे. ती चांद्रवर्षे धरली तर सुमारे ४७५ सौरवर्षे होतात, आणि अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षापासून मोजत गेल्यास ती ख्रिस्ताच्या काळापाशी येऊन पुरी होतात. यावरून बीड आकडेमोडीला बिचकत नव्हते, हे उघड आहे. जे भाकीत प्रभूच्या येण्याने पुरे झाले, ते त्यांनी मनापासून मोजले. जो दिवस पित्याने आपल्याकडेच ठेवला आहे, तेथे त्यांनी बोटे मिटून घेतली.

पास्काच्या तारखेतही त्यांना हाच अर्थ आढळतो. वसंतसंपातानंतर दिवस रात्रीहून मोठा होतो, म्हणजे प्रकाश अंधारावर मात करतो. पास्काचा रविवार चंद्राच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. त्यात त्यांना नियमशास्त्रापूर्वीचा, नियमशास्त्राखालचा आणि कृपेचा असे तीन काळ आणि त्यांतला तिसरा दिसतो. ग्रंथाच्या अखेरीस सहा युगांच्या पुढे आणखी दोन युगे येतात. सातवे युग विसावलेल्या आत्म्यांचे. ते सहाव्यानंतर सुरू होत नाही. हाबेलाच्या मृत्यूपासून ते या जगाच्या बाजूबाजूने चालत आले आहे. आठवे युग पुनरुत्थानाचे, ज्याला संध्याकाळ नाही. अशा युगांची लांबी कोणी मोजायची?

७३१ साली त्यांनी इंग्रज लोकांच्या ख्रिस्तसभेचा इतिहास पूर्ण केला. त्यात विल्फ्रिड यांचे दीर्घ आणि आदरयुक्त चरित्र आहे. ७०८ च्या त्या मेजवानीचा त्यात मागमूसही नाही. याच ग्रंथात त्यांनी घटनांची वर्षे प्रभूच्या देहधारणेपासून मोजून दिली. ही गणना रोममधील डायोनिसियस या मठवाशाने ५२५ साली पास्काच्या तक्त्यांसाठी सुरू केली होती. इतिहासलेखनात ती रुजविण्याचे मोठे श्रेय बीड यांना जाते. शाळेच्या पुस्तकात आपली मुले शिवराज्याभिषेकाचे वर्ष इ. स. १६७४ असे लिहितात, तेव्हा त्या दोन अक्षरांतला इसवी हा शब्द ईसा म्हणजे येशूवरूनच आलेला असतो. जगाची किती वर्षे उरली याचा हिशेब करणाऱ्या काळात बीड यांनी प्रभू आल्याला किती वर्षे झाली, हे मोजायला शिकविले.

७३५ च्या पास्कापूर्वी त्यांना श्वास घेण्यास त्रास होऊ लागला. त्यांचा शिष्य कथबर्ट याने अखेरच्या दिवसांचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. आजारातही ते शिकवीत राहिले आणि संत योहानाच्या शुभवर्तमानाचे आपल्या लोकांच्या भाषेत भाषांतर सांगत राहिले. त्या वृत्तान्तानुसार हे काम सहाव्या अध्यायापर्यंत, पाच भाकरी आणि दोन मासळ्या एवढ्या जनसमुदायाला कशा पुरणार या प्रश्नापर्यंत आले होते. हे भाषांतर आज उपलब्ध नाही. स्वर्गारोहणाच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या पेटीतील मिरे, वस्त्रे आणि धूप सहकारी धर्मगुरूंना वाटून टाकले. सायंकाळी विल्बर्ट नावाच्या मुलाने अजून एक वाक्य लिहायचे राहिले असल्याचे सांगितले. बीड यांनी ते सांगितले, मुलाने ते लिहिले. मग नेहमी प्रार्थना करीत त्या जागेकडे तोंड करून ते खोलीच्या जमिनीवर बसले आणि त्रैक्याचा महिमा गात त्यांनी प्राण सोडला.

पुढे त्यांचे अवशेष डरहॅम येथे नेण्यात आले आणि आजही ते तेथील कॅथीड्रलमध्ये आहेत. १८९९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. मृत्यूची तारीख काही ग्रंथांत २५ मे, तर काहींत २६ मे अशी आढळते. दोन्ही बरोबर आहेत. ते गेले तो बुधवार, २५ मेची संध्याकाळ होती. परंतु ख्रिस्तसभेच्या मोजणीनुसार सणाचा दिवस आदल्या सायंप्रार्थनेपासून सुरू होतो, आणि त्या वर्षी २६ मे हा प्रभूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार होता.